कोयता दोघांचा, हिशेब कुणाचा?

ऊसतोडीचा करार, नवे कामगार कायदे आणि आपल्या गटाचं काम



पट्टा पडला, टोळ्या गावी आल्या. नांदूरघाट, विडा, बनसारोळा, युसूफवडगाव, आपल्या केज तालुक्यातल्या कुठल्याही गावात बैठकीला गेलं की सध्या हेच बोलणं कानावर येतं. उचल फिटली का? किती बाकी अंगावर राहिली? पुढच्या साली कुणाच्या टोळीत जायचं? या सगळ्या प्रश्नांच्या मागे एक मोठा प्रश्न आहे आणि तो आपल्या बैठकीत फारसा निघत नाही. टनाला दर किती द्यायचा, हे कोण ठरवतं? कुठे बसून ठरवतं? आणि तिथे आपलं म्हणणं कोण मांडतं?

हा प्रश्न आत्ताच घ्यायचं कारण आहे. जानेवारी २०२४ मध्ये झालेला मजुरीचा करार तीन वर्षांचा होता. २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ असे तीन हंगाम त्यात धरलेले होते. म्हणजे आता संपलेला हंगाम हा त्या करारातला शेवटचा. पुढची बोलणी व्हायची आहेत. दुसरीकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नवे कामगार कायदे लागू झाले आहेत. या दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊ. ज्यांच्या घरी कोयता नाही त्यांनीही वाचावं. वीटभट्टी, जिनिंग, शेतमजुरी, कंपनीतलं काम, कुठेही मजुरीचा प्रश्न येतोच.

सामूहिक वाटाघाटी म्हणजे काय?

शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. गट नव्हता तेव्हा एकटी बाई बँकेत गेली तर तिला दारातूनच परत पाठवायचे. गट झाला, बचत झाली, वह्या नीट राहिल्या, मग त्याच बँकेनं आपल्याला कर्ज दिलं. बाई तीच होती. फरक एवढाच की आता ती दहाजणींच्या नावानं आणि वहीच्या आधारानं बोलत होती.

मजुरीचंही तसंच आहे. एका कामगारानं मालकाला म्हटलं, दर वाढवा, तर मालक म्हणतो, परवडत नसेल तर जा. सगळ्यांनी मिळून म्हटलं तर मालकाला बसून बोलावं लागतं. कामगारांची संघटना आणि मालक यांनी समोरासमोर बसून मजुरी, कामाचे तास, सोयी ठरवणं आणि ते लिहून सह्या करणं, याला सामूहिक वाटाघाटी म्हणतात.

ऊसतोडीत हे अनेक वर्षांपासून चालत आलं आहे. एका बाजूला राज्य सहकारी साखर कारखाना संघ, दुसऱ्या बाजूला ऊसतोड कामगारांच्या संघटना, आणि तोडगा काढायला लवाद. बीडचे गोपीनाथ मुंडे आणि शरद पवार यांचा लवाद जुन्या माणसांना आठवत असेल. पुढे पंकजा मुंडे त्या जागी आल्या. दर वाढायला प्रत्येक वेळी कोयता बंद ठेवण्याचा इशारा द्यावा लागला किंवा खरोखर बंद ठेवावा लागला. २०२० मध्ये १४ टक्के वाढ होऊन टनाचा दर २७३ रुपये झाला. २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ होऊन तो ३६६ रुपये झाला. हा तोडणीचा मूळ दर आहे. बैलगाडीचे आणि वाहतुकीचे दर वेगळे असतात.

आकडे करून बघू

समजा एका जोडीनं एक लाख रुपये उचल घेतली आहे. २७३ च्या दरानं ती फेडायला साधारण ३६६ टन ऊस तोडावा लागायचा. ३६६ च्या दरानं साधारण २७३ टन तोडावा लागतो. ९३ टनांचा फरक पडला. जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरलं तर हे ४६ दिवसांचं काम झालं. कराराच्या एका कागदानं एका जोडीचं दीड महिन्याचं राबणं वाचलं. म्हणून कुणी म्हणालं की संघटना-बिंघटना सगळं मोठ्या लोकांचं आहे, आपल्याला काय त्याचं, तर तिला हा हिशेब दाखवा.

आता दुसरी बाजू. दोन टनांचे झाले ७३२ रुपये. ते दोन माणसांचे. म्हणजे एका माणसाला दिवसाचे ३६६. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये होता. रात्री गाडी भरायला उठायचं, पहाटे फडात जायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं, आणि रोजगार हमीपेक्षा जास्त मिळाले ५४ रुपये. वर एक लाखाची उचल ३६६ च्या दरानंसुद्धा फिटायला १३७ दिवस लागतात. कारखाना तेवढे दिवस चालला नाही, मध्ये पाऊस आला, लेकरू आजारी पडलं, की बाकी अंगावर राहिलीच.

तिसरा हिशेब मुकादमाचा. २०२४ च्या करारात मुकादमाचं कमिशन १९ टक्क्यांवरून २० टक्के झालं. एक टक्का ऐकायला कमी वाटतो. पण २७३ चे १९ टक्के म्हणजे ५१ रुपये ८७ पैसे आणि ३६६ चे २० टक्के म्हणजे ७३ रुपये २० पैसे. तोडणाऱ्याची मजुरी वाढली ३४ टक्के, मुकादमाचं कमिशन वाढलं ४१ टक्के. मुकादमाला जोखीम असते, टोळी पळाली तर कारखाना त्याच्याकडून वसूल करतो, हे खरं आहे. पण बऱ्याच संघटनांच्या नावातच ‘ऊसतोड कामगार व मुकादम’ असं एकत्र येतं. एकाच संघटनेनं दोघांसाठी मागायचं म्हटलं की कुणाचं म्हणणं आधी मांडलं जाईल, याचा विचार तुम्हीच करा. आणि हे कमिशन मजुरीच्या वर वेगळं असतं. कुणी ते तुमच्या मजुरीतून कापत असेल तर विचारायचा हक्क तुम्हाला आहे.

या हिशेबात बाई कुठे आहे?

नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल कोयत्यावर मिळते आणि बहुतेक वेळा गड्याच्या हातात मिळते. सही किंवा अंगठा त्याचा. टन कोयत्याच्या नावावर. ऊस तो तोडतो, पाचट ती काढते, मोळी ती बांधते, गाडीपर्यंत वाहून ती नेते. कोपीवर आल्यावर स्वयंपाक, पाणी, लेकरं परत तिचीच. पण टनाच्या हिशेबात तिचं नाव कुठेच येत नाही. वर्षाअखेरी किती कमावलं विचारलं तर तिला सांगता येत नाही, कारण तिच्या नावानं कुणी काही लिहिलेलंच नसतं.

नाव नसलं की गरजही कागदावर येत नाही. पाळीच्या चार दिवसांत काय करायचं, फडाजवळ आडोसा नाही, बाळंतपण जवळ आलं तरी काम, एक दिवस सुट्टी घेतली तर खाडा. २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशवी काढण्याचा विषय देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून जास्त बायांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यात कितीतरी बाया तरण्या होत्या. यामागची कारणं बरीच आहेत. पण खाडा चुकवायचा आणि पाळीची कटकट नको, हे कारण बायांनीच सांगितलं होतं.

टनाचा दर वाढला म्हणून खाडा रद्द होत नाही. खाडा रद्द करायचा असेल तर ते वेगळं मागावं लागतं आणि करारात वेगळं लिहून घ्यावं लागतं. ज्या बाईनं खाड्याचा मार खाल्ला आहे, तीच हे नीट मागू शकते.

नवे कायदे काय म्हणतात?

आधीचे २९ कामगार कायदे एकत्र करून केंद्र सरकारनं चार संहिता केल्या: वेतन संहिता, औद्योगिक संबंध संहिता, सामाजिक सुरक्षा संहिता आणि सुरक्षा-आरोग्य व कामाच्या स्थितीची संहिता. आपल्या कामाचे मुद्दे थोडक्यात असे आहेत.

एक. वेतन संहिता म्हणते की एकाच मालकाकडे सारखंच काम असेल तर बाई म्हणून कमी मजुरी देता येणार नाही. किमान वेतनाचा हक्क आता सगळ्या कामांना आहे.

दोन. औद्योगिक संबंध संहितेत मालकाशी बोलणी कुणी करायची हे ठरवलं आहे. आस्थापनेच्या हजेरीपटावरच्या ५१ टक्के किंवा जास्त कामगारांचा पाठिंबा ज्या संघटनेला असेल, ती एकटी बोलणी करेल. तेवढा पाठिंबा कुणालाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांचं मिळून वाटाघाटी मंडळ होईल.

तीन. संप करायचा तर १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागेल. अर्ध्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी रजा घेतली तर तोही संपच धरला जाईल.

चार. २० किंवा जास्त कामगार असतील तिथे तक्रार निवारण समिती हवी आणि तिच्यात बायांच्या संख्येच्या प्रमाणात बाया हव्यात. तुमची लेक किंवा सून चाकण-रांजणगावला कंपनीत असेल तर तिला हे जरूर सांगा.

आता आपली अडचण कुठे आहे ते बघा. वरच्या दुसऱ्या मुद्द्यात ‘हजेरीपटावरचे कामगार’ असे शब्द आहेत. आपण कुणाच्या हजेरीपटावर आहोत? कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी किंवा वाहतूकदाराशी आहे, मजूर आमचे नाहीत. मुकादम म्हणतो, मी कुठला मालक, मीही तुमच्यातलाच. मग मालक कोण, याचं उत्तर कागदावर सापडत नाही. ठेकेदारानं परवाना घ्यायची अट नव्या कायद्यात ५० किंवा जास्त कामगारांना आहे. आपली टोळी दहा-पंधरा कोयत्यांची, म्हणजे वीस-तीस माणसांची. ती त्या अटीच्या खालीच राहते. स्थलांतरित कामगारांच्या तरतुदी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी आहेत. म्हणजे केजची टोळी बेळगावकडे गेली तर त्यांत बसते आणि कोल्हापूरला गेली तर बसत नाही. घर दोन्हीकडे सारखंच सुटतं, पण कायद्याचं तसं आहे.

म्हणून नवा कायदा आला की आपोआप आपल्याला हक्क मिळतील, असं कुणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका. ज्यांची नोंद आहे त्यांना कायदा लवकर उपयोगी पडतो. आपल्याला आधी नोंदीत यायचं आहे.

एक जुना कायदा मात्र आजही आपल्या कामाचा आहे. वेठबिगार निर्मूलनाचा, १९७६ चा. उचल घेणं हा गुन्हा नाही. पण उचलीपायी माणसाला डांबून ठेवणं, दुसरीकडे कामाला जाऊ न देणं, लेकराला किंवा बाईला अडकवून ठेवणं, हे वेठबिगारीत येतं आणि तो गुन्हा आहे. असं कुठे झालं तर ११२ ला फोन करा, तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला लेखी कळवा.

हजेरीपट नसलेल्या बायांनी करार केला

हे जमतं का, असं वाटत असेल तर पुण्याच्या कचरावेचक बायांकडे बघा. रस्त्यावरचा कचरा वेचून भंगारवाल्याला विकणाऱ्या या बाया. मालक नाही, हजेरी नाही, पगार नाही. लोक हाकलायचे, चोर समजायचे. १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या सोबतीनं त्यांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली. सगळ्यात आधी हाती घेतलेल्या कामांपैकी एक होतं ओळखपत्र. पुढे पुणे महापालिकेनं त्या ओळखपत्रांना मान्यता दिली. बाई ‘कामगार’ म्हणून कागदावर आली. मग पुढची बोलणी सुरू झाली. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये तिनं महापालिकेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला.

पायऱ्या लक्षात घ्या. आधी संघटना, मग ओळख, मग मान्यता, मग करार. यात पंधरा वर्षं गेली. पण त्या बायांपैकी बहुतेकींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. आपल्याकडे तर वीस-वीस वर्षं वह्या लिहिणारे गट आहेत.

दसऱ्याच्या आत काय करायचं?

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. बचत गट म्हणजे कामगार संघटना नाही. गट किंवा आपला संघ कारखान्याशी मजुरीचा करार करू शकत नाही. त्यासाठी नोंदणीकृत संघटना लागते. तिच्या नोंदणीचा अर्ज सात कामगारांनाही करता येतो, बाकीच्या अटी कामगार कार्यालयात समजून घ्याव्या लागतात. आपल्या जिल्ह्यात महिला ऊसतोड कामगारांची संघटनाही काम करते. कुठल्या संघटनेत जायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. पण खालची कामं गट म्हणून आपण नक्की करू शकतो.

१. ओळखपत्र. ग्रामसेवकांकडून, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, ऊसतोड कामगारांची नोंद होऊन ओळखपत्र मिळतं. नवऱ्याचं काढलं म्हणून थांबू नका. तुमचं वेगळं काढा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याणकारी महामंडळासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये आणि सरकारनं तेवढेच द्यायचं ठरलेलं आहे. त्या पैशातून येणाऱ्या योजना घ्यायच्या तर नोंद लागणारच. सोबत ई-श्रम कार्डही काढा. १६ ते ५९ वयाच्या प्रत्येकीला ते वेगळं मिळतं.

२. टोळीची वही. गटाची वही लिहिणाऱ्या ताईंनी प्रत्येक कोयत्यासाठी एक छोटी वही करून द्यावी. रकाने साधे ठेवा: तारीख, फड कुठला, टन किती, वजनाच्या चिठ्ठीचा नंबर, उचल किती घेतली, किती फिटली, खाडा किती आणि कशासाठी. चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढा. दोघांची नावं पहिल्या पानावर लिहा, तिचंही. मुकादमाच्या वहीशी आपली वही ताडून बघता आली पाहिजे.

३. उचल लिहून. या वर्षी उचल घेताना ती किती, कुणाकडून, कुठल्या दरावर, हे कागदावर घ्या आणि दोघांची सही असू द्या. जमेल तिथे बँक खात्यावर घ्या, अर्धी तुमच्या खात्यावर मागा. पहिल्या वर्षी मुकादम हसेल. एका बाईनं मागितलं तर हसेल. गावातल्या सगळ्या टोळ्यांतल्या बायांनी मागितलं तर त्याला विचार करावा लागेल.

४. बायांच्या मागण्यांचा कागद. प्रत्येक ग्रामसंघानं एक पान लिहावं. आजारपण, पाळी, बाळंतपणाचा खाडा नको. वजनाची चिठ्ठी टोळीला मिळावी. अड्ड्यावर पाणी, संडास, दिवा असावा. मजुरी दोघांच्या नावावर लिहावी. हे पान बोलणीला जाणाऱ्या प्रत्येक संघटनेला द्यायचं, पक्ष-पुढारी न बघता. पोच घ्यायला विसरू नका.

५. वकील फुकट. केजच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती आहे. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, कायद्याची मदत मोफत मिळते. फोन नंबर १५१००. हा नंबर गटाच्या वहीच्या कव्हरवर लिहून ठेवा.

घरात यावरून बोलणं होईल. नवरा म्हणेल, माझ्यावर विश्वास नाही का? त्याला सांगा की हा विश्वासाचा प्रश्न नाही. गटातसुद्धा अध्यक्षावर विश्वास असतो, तरी खात्यावर एकटीची सही चालत नाही. दोघांचं नाव लागलं तर मुकादमाशी भांडताना त्याच्याही बाजूनं एक साक्षीदार वाढतो.

बैठकीत चर्चेसाठी

हा लेख एकीनं मोठ्यानं वाचा आणि मग बोला:

• आपल्या गटातल्या किती जणी तोडीला गेल्या होत्या? प्रत्येकीला आपल्या कोयत्याचे एकूण टन सांगता येतात का?
• यंदा खाडा किती जणींना बसला? कोणत्या कारणानं?
• ऊसतोड कामगार म्हणून स्वतःच्या नावाचं ओळखपत्र किती जणींकडे आहे?
• नव्या करारात एकच नवी ओळ घालायची असेल तर आपल्या गटाची ओळ कोणती?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या आणि पुढच्या प्रभागसंघाच्या बैठकीला घेऊन या. मी त्या सगळ्या ओळी एकत्र करून पुढच्या अंकात छापायला देते.

— तुमची क्षेत्र समन्वयक, केज